एक नंबरचं बटण

छत्रपती संभाजीनगर,
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

प्रिय विश्वजीत,

पाकिटावरचं अक्षर बघून घाबरू नकोस. मी जिवंत आहे, हातपाय चालतात आणि हे पत्र माझ्याच हातानं लिहिते आहे. आजकाल पोस्टमन आला तर बँकेचं नाही तर विम्याचंच काहीतरी आणतो, त्यामुळं मोनिकानं हे पाकीट न फोडता तुमच्या त्या काचेच्या टेबलावरच्या ढिगात टाकलं नसेल अशी आशा करते. फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. लहानपणी पण गोष्टीचं शेवटचं पान आधी बघून पुस्तक बाजूला टाकायचास.

दिवाळीत तू आलास तेव्हा मी डॉक्टरकडं जाऊन आल्याचं सांगायला लागले होते. तेवढ्यात तुझा फोन वाजला, तू गॅलरीत गेलास, आणि ते अर्धंच राहिलं. आता पूर्ण सांगते. झालं असं की मी भांड्यांच्या दुकानात गेले आणि जे घ्यायचं होतं त्याचं नावच तोंडात येईना. दुकानदार विचारतोय, आजी काय देऊ, आणि मी हातानं हलवून दाखवतेय. पीठ घेतात ना, ते. तो म्हणाला, परात? नाही. रोळी? नाही. शेवटी मी माझ्या बोटानं दाखवलं, ते टांगलेलं. तो म्हणाला, अहो चाळणी म्हणा की. पन्नास वर्षं रोज हातात धरलेली चाळणी, विश्वजीत. मी ती न घेताच घरी आले आणि दार लावून मोठ्यानं म्हणत बसले, चाळणी, चाळणी, चाळणी. माझी आई शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती, ते तुला आठवत असेल. मला तेच वाटलं.

म्हणून बायपासवरच्या करुणा डॉक्टरांकडं गेले. तुझ्याएवढीच असेल पोरगी. रक्त तपासलं, बीपी वाढलेलं निघालं, वजन उतरलेलं निघालं, झोप तर नव्हतीच. मग तिनं मला आजचा वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी चौथी शिकलेली बाई. पण किराणाच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मी वाचायला शिकले आणि बाजाराचा हिशेब तुझ्या आबांपेक्षा लवकर करायचे. खटाखट सांगितलं सगळं. ती म्हणाली, डोकं शाबूत आहे तुमचं. मग तिनं विचारलं, आजी, माझ्या आधी शेवटचं कोणाशी बोललात? मी म्हटलं, भाजीवाल्याशी. काय बोललात? मेथी ताजी आहे का. कधी? ते काही मला आठवेना. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, वापरात नसलेलं गंजतं तसे शब्द अडकतात तुमचे. आणि एवढंच नाही. माणूस माणसाशी बोलायचं थांबलं की बीपी चढतं, झोप जाते, हृदयावर ताण येतो, आणि ज्याची तुम्हाला भीती वाटते ते विसरणं लवकर गाठतं. गोळ्या देते, पण गोळ्या अर्ध्याच कामाच्या. आणि गोळ्यांच्या खाली तिनं स्वच्छ मराठीत लिहिलं, रोज कोणाशी तरी बोलणे, सकाळी व संध्याकाळी.

मी तो कागद घेऊन खालच्या मेडिकलवाल्याकडं गेले. त्यानं गोळ्या काढून दिल्या. मी म्हटलं, आणि ते शेवटचं? त्यानं वाचलं, हसला, म्हणाला, आजी, त्याचा आमच्याकडं स्टॉक नाही. मी पण हसले. जिन्यापर्यंत हसू टिकलं.

पुढच्याच रविवारी पेपरच्या पुरवणीत तेच छापून आलं. म्हाताऱ्या माणसांचा एकटेपणा शरीराला बाधतो, हृदयाला, मेंदूला, आणि एवढे एवढे लोक तपासून हे सिद्ध झालं वगैरे. मला तपासणाऱ्यांचा राग आला नाही. फक्त वाटलं, एवढ्या लांबून यंत्रं आणली, त्यापेक्षा देवगावातल्या कुठल्याही ओट्यावर येऊन बसले असते तर चहासुद्धा मिळाला असता.

तुझे आबा गेल्यावर तू म्हणालास, आई, देवगाव रंगारीत रात्री-बेरात्री काही झालं तर दवाखाना नाही. ते खरंच होतं. आबांना गाडीत घालून आणेपर्यंत काय झालं ते आपण दोघांनी बघितलंय. म्हणून मी एका शब्दानं नाही म्हटलं नाही, घराला कुलूप घातलं आणि इथं आपल्या फ्लॅटात एकटी राहायला आले. आता माझ्या खिडकीतून दोन दवाखान्यांच्या पाट्या दिसतात, अंधार पडला की लाल-हिरव्या पेटतात. दवाखान्याच्या जवळ आणून ठेवलंस मला. माणसांपासून किती लांब, ते मोजायचं राहून गेलं. देवगावात तोंडात मिश्री घालून बाहेर आले की तोंड धुवून आत जाईपर्यंत चार जणींशी बोलणं झालेलं असायचं. मी गावाला स्वर्ग म्हणत नाही. तात्यासाहेब भावजींच्या घरच्यांशी बांधावरून माझं कधी पटलं नाही, आणि आबा गेल्यावर त्याच बायकांनी मला कोपऱ्यात बसवलं होतं. पण भांडायलासुद्धा समोर एक तोंड लागतं रे. इथं भांडायला पण कोणी नाही.

आधी निदान पाण्याचा दिवस तरी होता. तुला माहीतच आहे, आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी सगळ्या बायका जिन्यात. कोणाचा पाईप, कोणाचं पिंप, कोणाची मोटर आधी. बडबड, आरडाओरडा. मला तो दिवस सणासारखा वाटायचा. मी पिंप भरून झालं तरी बादली घेऊन जिन्यात थांबायचे. मग सोसायटीनं खाली मोठी टाकी बांधली आणि आपोआप चालणारी मोटर बसवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. त्या दिवसापासून जिना मोकळा झाला. आता दारं उघडतात ती फक्त पार्सलवाल्याला.

तू म्हणतोस, आई, सोसायटीत इतक्या बायका आहेत, जरा मिसळत जा. तुझं बोलणं मी मनावर घेतलं. पण इथल्या बायका एकत्र येतात कधी? चैत्रात हळदीकुंकू, श्रावणात मंगळागौर, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पुन्हा हळदीकुंकू. आणि त्यात मला कोण बोलावणार? शहरातल्या, शिकलेल्या, गाड्या चालवणाऱ्या बायका, पण त्या पंगतीत विधवेला जागा नाही, ते गावातनं जसंच्या तसं उचलून तिसऱ्या मजल्यावर आणलंय. यंदा संक्रांतीला समोरच्या घरी सगळ्या जमल्या होत्या. माझ्या दारापुढं चपलांचा ढीग. आतून हसण्याचे आवाज. मी टीव्ही बंद करून ते ऐकत बसले, खोटं कशाला सांगू. सगळ्या गेल्यावर दार उघडलं तर कडीला एक पिशवी अडकवलेली, त्यात प्लास्टिकचा डबा आणि तिळगूळ. वाण मिळालं मला. बोलायला लागू नये म्हणून बेलसुद्धा वाजवली नव्हती. तो डबा मी कचऱ्यात टाकणार होते. टाकला नाही, त्यात शेंगदाणे भरलेत. चांगला डबा आहे.

मग कोणाशी बोलायचं? मी कर्जवाल्या पोरींशी बोलायला लागले. हसू नकोस. त्या रोज करतात फोन. एक होती विशाखा. मॅडम, तुम्हाला पर्सनल लोन मंजूर झालंय. मी म्हटलं, बाळ, कुठली तू? जेवलीस का? ती गडबडली. म्हणाली, मॅडम, कॉल रेकॉर्ड होतोय. मी म्हटलं, होऊ दे, जेवलीस का ते सांग. तर हळूच म्हणाली, नाही अजून. आणि फोन कापला. त्या दिवशीचं माझं औषध तेवढंच.

तुझ्याशी बोलावं असं वाटलं नाही का, असं तुझ्या मनात आलं असेल. वाटलं. रोज वाटलं. पण आपलं ठरलं होतं ना. आबांच्या वर्षश्राद्धानंतर तूच तो बटणाचा फोन आणून दिलास. एक नंबरच्या बटणावर तुझं नाव घातलंस आणि म्हणालास, आई, दिवसभर मीटिंगा असतात, तू फोन करू नकोस, मीच करत जाईन. तू फक्त सकाळी एक नंबर दाबून धर, एक रिंग दे आणि काप. मिस कॉल आला की मला कळेल, आई उठली, आई ठीक आहे. मला ते आवडलं होतं. पूर्वी गावाहून शहरात गेलेलं माणूस पोचल्याची एक रिंग द्यायचं, तसंच. वाटलं, आपण रोज सकाळी पोचतो, पोचल्याचं कळवायचं.

तेव्हापासून मी एक दिवस चुकवला नाही. उठले, तोंड धुतलं, चहा टाकला, की एक नंबर. ट्रिंग, आणि लाल बटण. ते झालं की मला वाटायचं, चला, आज आपण आहोत. तिकडं कोणीतरी बघितलं असेल, आई आहे. मध्यंतरी काही महिने रिंग जाईना, एक बाई बोलायची, हा क्रमांक सध्या सेवेत नाही. मला वाटलं रेंज नसेल, नाही तर तू परदेशात गेला असशील. मी आपली रोज दाबत राहिले. मग एके दिवशी पुन्हा रिंग जायला लागली, मला बरं वाटलं. तुझे फोन यायचे कधी कधी, सणाला, वाढदिवसाला. नंबर वेगळाच दिसायचा, नाव यायचं नाही. मी समजायचे ऑफिसचा असेल. यंदा दिवाळीत फराळ करताना मी तुला विचारलं होतं, मिस कॉल पोचतो ना रे रोज? तू फोनमध्ये बघत होतास. म्हणालास, हो आई, येतो ना. मी तुझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

आता पंधरा दिवसांपूर्वीचं. मला ताप आला. साधाच असेल, थंडी जाताना येतो तसा, पण अंगात काही नव्हतंच त्यामुळं आडवी झाले ते उठताच येईना. भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचं आणि यायचं. चहा नाही, गोळ्या नाहीत, मिस कॉल नाही. फोन उशाशीच होता, दाबता आला असता. पण पहिल्या सकाळी मुद्दाम दाबला नाही. म्हटलं, आता कळेल त्याला. रिंग आली नाही म्हटल्यावर तो लगेच करील. मग दुसरी सकाळ. मग तिसरी. दाराशी दुधाच्या पिशव्या पडल्या होत्या, नंतर कळलं. समोरचीनं ओलांडल्या असतील. मी पडल्या पडल्या तुझ्या बाजूनंच बोलत होते. बिचाऱ्याला मीटिंग असेल. सत्यमची परीक्षा असेल. मग तेही बंद झालं. मनात बोलायलासुद्धा शब्द येईनात. मला वाटलं, चाळणीसारखी मीच जाणार आता, माझं नाव कोणाला आठवायच्या आधी.

आणि फोन वाजला. डोळे ताणून बघितलं तर नाव आलेलं, विश्वजीत. मला रडू फुटलं. हिरवं बटण दाबलं आणि म्हटलं, बाळा. तर तिकडून एका म्हातारीचा आवाज. आरं बुद्धभूषण, का रं बाबा, रिंग देईनास? जीवाला बरं हाय ना? तुझा फोन, आणि त्यावर दुसरीच बाई. मी म्हटलं, कोण तुम्ही? माझ्या मुलाचा फोन तुमच्याकडं कसा? ती म्हणाली, तूच कोण गं बया? माझ्या नातवाचा फोन तुझ्यापाशी कसा? मी म्हटलं, कुठं आहे विश्वजीत, काय झालं त्याला, खरं सांगा. ती ओरडली, कोण इश्वजीत? माझ्या नातवाला काय झालं ते सांग आधी! अशा आम्ही दोघी, एक तापानं फणफणलेली आणि एक घाबरून ओरडणारी, एकमेकींना चोर ठरवत होतो. मी म्हटलं, अहो बाई, मी द्वारका, देवगाव रंगारीची, आता संभाजीनगरला असते. तर ती म्हणाली, देवगावची? मग कन्नडच्या माणसाला कशाला फसवती गं, शेजारच्या गावची असून!

त्यावर मला हसू आलं. तापात, रडता रडता. माझं हसणं ऐकून तीही थांबली. मग सावकाश एकेक गोष्ट सुटत गेली. तिचं नाव आवडाबाई. कन्नडला एकटी राहते, जन्मभर शाळेत झाडलोट केली. नातू बुद्धभूषण चाकणला कंपनीत लागला, जाताना तिला फोन आणि नवं कार्ड घेऊन दिलं, आणि सांगितलं, आजी, रोज सकाळी एक रिंग देत जाईन, उचलू नको, रिंग आली म्हंजी समज मी बरा हाय. तिला अक्षर येत नाही, आकडा येत नाही. कार्ड चालू झाल्यापासून रोज सकाळी चुलीपाशी असताना एक रिंग यायची, आणि ती फोटोतल्या बाबासाहेबांना सांगायची, पोरगं बरं हाय. तीन दिवस रिंग चुकली म्हणून तिनं रिंग येते त्याच नंबरावर हिरवं बटण दाबलं होतं. ती माझी रिंग होती, विश्वजीत. नंतर तिनं कन्नडच्या बाजारातल्या मोबाईलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, कोणी नंबर बंद केला की कंपनी काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. म्हणजे तू नंबर बदललास, जुना बंद केलास, आणि तो फिरून आवडाबाईंच्या कार्डात जाऊन बसला. मला सांगायचं मात्र राहिलं. माझ्या एक नंबरच्या बटणावर दुसरा नंबर घालायचा राहिला. मी दीडेक वर्षापासून रोज सकाळी जिवंत असल्याचं कन्नडला कळवत होते.

मी तिला विचारलं, नातू कधी बोलतो तेव्हा तुम्ही त्याला रिंगचं काही म्हणाला नाहीत? ती म्हणाली, म्हणले की. तुझी रिंग येती बाबा रोज, लई बरं वाटतं. मग तो काय म्हणाला? तो म्हणला, व्हय आजी.

माझ्या डोळ्यांपुढं ती करंजी आली.

मग आवडाबाईंनी विचारलं, घरात कोण हाय तुमच्या? मी म्हटलं, कोणी नाही. मग पाणी कोण देतंय? काय खाल्लंय? आणि माझा पत्ता त्यांनी दोनदा वदवून घेतला. फोन ठेवताना त्या जय भीम म्हणाल्या, मी रामराम म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. माझ्या घराची बेल वाजते कशी, हे मी विसरलेच होते. दारात ही बाई, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, कमरेत वाकलेली, हातात पिशवी. पंच्याहत्तरीच्या पुढं एसटीत तिकीट नाही म्हणून आले म्हणाली, न्हाय तर फोनवरच बघितलं असतं तुला. दाराशी साचलेल्या पिशव्या तिनं पायानं बाजूला केल्या आणि जिन्यात उभं राहून मोठ्यानं म्हणाली, हितं माणसं ऱ्हात्यात का नुसती कुलपं? दोन दारं उघडली. समोरची बाहेर आली, म्हणाली, अय्यो काकू, आम्हाला वाटलं तुम्ही गावाला गेलात. मला राग आला नाही. तिला खरंच तसं वाटलं असेल. कडीला पिशवी अडकवणाऱ्याला आतलं माणूस कसं दिसणार?

आवडाबाई पाच दिवस राहिल्या. मला ज्वारीची आंबील करून पाजली, कांद्याचं पिठलं केलं, आणि सारखं बोलल्या. शाळेतल्या बाईंचं, सुनेचं, कन्नडच्या बाजारातल्या अद्रकीच्या भावाचं. मी आधी नुसती ऐकत होते, मग उत्तरं द्यायला लागले, मग मध्येच तोडायला लागले, मग आम्ही पिठल्यात लसूण आधी की कांदा आधी यावरून भांडलो. तुझ्या आजीच्या काळात आवडाबाई आपल्या अंगणाच्या पुढं येऊ शकल्या नसत्या. त्या तुझ्या खोलीत, तुझ्या पलंगावर झोपल्या. हे तुला कळावं म्हणून लिहिते, परवानगीसाठी नाही. सेक्रेटरीच्या बायकोनं लिफ्टपाशी विचारलं, पाहुण्या कोण? मी म्हटलं, बहीण. सख्खी? मी म्हटलं, फोनमधली. जायच्या दिवशी आवडाबाई उंबऱ्यात बसून चपला घालत होत्या आणि म्हणाल्या, बाई, आपण जित्या हाव हे आपलं आपल्यालाच सांगत हुतो की गं इतके दिस. मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही. पण तेवढं खरं अजून कोणी बोललेलं नाही.

आता सकाळी चहा झाला की मी एक नंबर दाबते आणि कापत नाही. त्या उचलतात. संध्याकाळी त्या करतात, मी उचलते. काल बीपी बघून करुणा डॉक्टर म्हणाल्या, आजी, काय केलंत? मी म्हटलं, ते खालचं औषध मिळालं. कुठं मिळालं? कन्नडला. आणि हो, येताना चाळणी घेऊन आले. दुकानात शिरल्या शिरल्या एकदम म्हटलं, चाळणी द्या. दुकानदाराला वाटलं असेल म्हातारी भांडायला आली.

तू दिवाळीत आणलेलं ते हातातलं घड्याळ कपाटात आहे. हृदयाचे ठोके मोजतं म्हणालास. मोजत असेल. कोणासाठी मोजायचे ते मला कळलं नाही म्हणून मी ते चार्ज करत नाही. पुढच्या वेळी आलास की घेऊन जा, सत्यमला होईल.

आता पत्र का, ते. तुला वाटलं असेल, आई रुसली म्हणून फोन करत नाही. रुसण्याचा काही प्रश्न नाही, विश्वजीत. माझ्याकडं तुझा नंबरच नाही. ताप उतरल्यावर मी फोनमध्ये शोधला. त्यात मागचे थोडेच नंबर राहतात, आणि ते सगळे कर्जवाल्या पोरींचे. तुझा दिवाळीनंतर आलाच नव्हता, त्यामुळं केव्हाच पुसला गेला. भावजींकडं असेल, पण माझ्या मुलाचा नंबर द्या, असं त्यांना कोणत्या तोंडानं म्हणू? पत्ता तेवढा होता, तुमच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेवरचा, म्हणून पोस्टानं लिहिते आहे. एक नंबरच्या बटणावरचं तुझं नाव मी काढलं आहे. तिथं आवडाबाईंचं घातलं, मीच घातलं, जमलं मला. दोन नंबरचं बटण रिकामं आहे. नंबर कळवलास तर तिथं घालीन. पण आता मी एक रिंग देऊन कापणार नाही. पूर्ण वाजू देईन. तुला उचलायचा असेल तरच पाठव.

अजून तरी तुझीच,
आई